झेंडूच्या माळेआडचा नंबर

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी शारजाहून बर दुबईला देवळाच्या बोळात जाऊन झेंडू आणला. फुलवाल्याने भाव सांगितला, मी सवयीने दिरहमचे रुपये केले आणि मोठ्याने म्हणाले, "एवढ्यात नाशिकला हातगाडी भरून येईल." तो नुसता हसला. त्याला हे दिवसभर ऐकावं लागत असणार. तरी मी ठरवलं होतं त्याच्या दुप्पट फुलं घेतली. घरात वाईट चाललेलं असलं की मी सणाला हात आखडता घेत नाही. हट्टीपणा म्हणा हवं तर.

वाईट म्हणजे काय, ते सांगून टाकते. नवऱ्याची नोकरी गेली होती. तो एका बांधकाम कंपनीत टेंडरचं काम बघायचा. कंपनीने त्याचं अख्खं डिपार्टमेंटच बंद केलं. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि त्याच्या व्हिसावर आम्ही दोघी होतो, मी आणि मुलगी. व्हिसा रद्द झाल्यावर दुसरा लावायला नाहीतर देश सोडायला थोडी मुदत मिळते. आम्ही त्या मुदतीत जगत होतो. मुलगी दहावीला. तिला मधूनच उचलून नाशिकच्या शाळेत नेऊन बसवायचं, हे मला काही केल्या नको होतं.

त्याला नोकरी मिळेना, आणि मला मिळाली. लग्नाआधी मी बालवर्गाला शिकवायची. शारजातल्या एका नर्सरीने मला टीचर म्हणून घ्यायचं कबूल केलं. पगार असा की नवरा आणि मुलगी माझ्या व्हिसावर जेमतेम बसत होते. अट एकच, पोलिसांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणायचा. लहान मुलांमध्ये काम करायचं तर तो लागतोच. मला दाखल्याची काळजी नव्हती. मी कधी पिवळ्या सिग्नललासुद्धा गाडी पुढे काढलेली नाही. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

दसऱ्याला सकाळीच सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. नोकरीचं त्यांना सांगितलेलं नव्हतं. "गाडीची पूजा झाली का गं?" त्यांनी विचारलं. नवरा सोफ्यावर आडवा पडून छताकडे बघत होता. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते, एरवी अरे. "अहो, चला की खाली, आई थांबल्यात," मी म्हटलं आणि त्याला हाताला धरून उठवला.

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आम्ही बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ मात्र वर स्वयंपाकघरात सिंकमध्ये फोडला, कारण मागच्या वर्षी खाली फोडला तर वॉचमनने फडकं आणून माझ्या हातात दिलं होतं. मग माळ घातली. मनगटाएवढी जाड, मध्ये आंब्याची पानं नाहीत म्हणून कढीपत्त्याच्या डहाळ्या, आणि बॉनेटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मस्त झोळ सोडलेली. गाडी पांढरी, माळ केशरी. सासूबाई खूश. मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, स्टेटसलाही ठेवला. काका, मावश्या, जावा, सगळ्यांचे हात जोडलेले आले. कोणाच्या काही लक्षात आलं नाही, मग माझ्या कुठून येणार?

दुपारी नर्सरीचा फोन आला की आज येऊन सह्या करून जा. देव पावला, मी म्हटलं. नवरा येतो म्हणाला, पण मी त्याला म्हटलं, तू झोप, मी जाऊन येते. माळ गाडीवर तशीच होती. आमच्याकडे दसऱ्याची माळ त्याच दिवशी उतरवत नाहीत, दुसऱ्या दिवशी हळदकुंकू वाहून उतरवतात. आईकडेही तेच, सासरीही तेच.

नर्सरीचं ऑफिस शारजातल्याच रोल्ला भागात एका जुन्या बिल्डिंगमध्ये आहे. शेजारी एका खासगी कंपनीचं पार्किंग. फाटक नाही, माणूस नाही, आत शिरताना एक कॅमेरा समोरून गाडीचा नंबर टिपतो आणि आपण मोबाइलवरून पैसे भरायचे. मी पैसे भरले. हे आधीच सांगते, नाहीतर कोणाला वाटायचं चुकवायला गेले.

वर गेले, सह्या केल्या. तिथल्या मॅडमनी हात हातात घेऊन सांगितलं, पोलिसांचा दाखला आला की लगेच व्हिसाचं सुरू करू, इन्शाल्ला. मी जिन्यावरून जवळजवळ पळतच खाली आले. नवऱ्याला फोन लावायला मोबाइल काढला आणि वायपरखाली प्लास्टिकच्या पाकिटातला कागद दिसला.

कागदावर माझ्याच गाडीचा फोटो होता, तोच जो मी सकाळी हौसेने काढला होता, फक्त कोन वेगळा. खाली लिहिलं होतं की पुढची नंबर प्लेट मुद्दाम झाकून गाडी आत आणली आहे. दंडाची रक्कम होती. आणि त्याखाली जाड अक्षरांत, प्रकरण संबंधित यंत्रणेकडे पाठवलं जाऊ शकतं.

मी पुढे जाऊन वाकून पाहिलं. एकही आकडा दिसत नव्हता. झेंडूच्या मागे नंबर होता की नाही, हेसुद्धा कळत नव्हतं. त्यांच्या माणसाने मागच्या प्लेटवरून तो उतरवून घेतला असणार. इथे नंबर झाकणं म्हणजे लहान गोष्ट नाही, हे लायसन्स काढताना क्लासमध्ये घोकून घेतलेलं होतं. आणि संबंधित यंत्रणा म्हणजे कोण? माझ्या डोक्यात एकच उत्तर, पोलीस. ज्यांच्याकडून मला दाखला हवा होता, तेच.

आता ही माळ काढायची की नाही? काढली तर सणाच्या दिवशी, तेही अशा दिवशी. ठेवली तर रस्त्यावर प्रत्येक कॅमेऱ्यासमोर तोच गुन्हा. मी शेवटी माळेचा मधला भाग वर उचलला आणि वायपरखाली अडकवला. गणपतीची क्षमा मागितली, देवीचीही मागितली, आणि आतल्या आतल्या रस्त्यांनी घरी निघाले. एका वळणावर पोलिसांची गाडी उभी होती. आत कोणी होतं का, तेही मी पाहिलं नाही.

नवऱ्याने कागद दोन्ही बाजूंनी वाचला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते, मोकळी झाले असते. तो एवढंच म्हणाला, "गाडी माझ्या नावावर आहे." मला ते लागलं. म्हटलं, वा, तुझ्या गाडीला डाग लावला म्हणून वाईट वाटतंय होय? त्याने कागद पुन्हा पाकिटात घातला. मुलगी अभ्यासाच्या टेबलावरून म्हणाली, "मम्मा, इट्स ओन्ली पार्किंग." मी तिला म्हटलं, तू गप्प बस आणि गणितं सोडव. सोडवायला शाळा राहिली पाहिजे, हे मात्र तोंडातून आलं नाही.

त्यानंतरचे दिवस आठवले तरी मला घाम फुटतो. दाखल्याचा अर्ज मी केला होता. फोनवर रोज उघडून बघायचे, आणि रोज तेच, काम चालू आहे. आधी कोणी सांगितलं असतं की एवढा वेळ लागतोच, तर मानलं असतं. आता वाटायचं, त्यांना तो कागद मिळाला आहे आणि एका खोलीत बसून ते माझा फोटो बघतायत. स्टेटस काढलं. ग्रुपवरचा फोटो काढायला गेले तर काढायची वेळ निघून गेली होती. मी स्वतःच पुरावा सगळ्या खानदानाला वाटून बसले होते. नात्यातल्या एका काकांनी तर तो आपल्या डीपीला लावला होता. त्यांना काढा म्हणायचं तर कारण सांगावं लागणार.

कोणाला तरी विचारावं म्हणून मी इथल्या मराठी मंडळातल्या बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, माझ्या एका मैत्रिणीचं असं असं झालंय. बास. एकीच्या दिराला म्हणे विमानतळावरून परत पाठवलं होतं. दुसरीच्या शेजाऱ्याची गाडी उचलून नेली. तिसरी म्हणाली, मैत्रिणीला सांग, खासगीबिसगी काही नसतं इथे, सगळं एकमेकांना जोडलेलं आहे. चौथीने सरळ विचारलं, मैत्रीण म्हणजे तूच ना गं, त्या दिवशी स्टेटसला माळ होती तुझ्या. मी हसणारे चेहरे पाठवले आणि फोन उशीखाली सरकवला.

एका सकाळी घरी एकटीच होते आणि दारावर थाप पडली. बेल असताना थाप. पीपहोलमधून पाहिलं तर निळा युनिफॉर्म, कमरेला काहीतरी लटकलेलं. मी श्वास रोखून दाराला पाठ लावून उभी राहिले. कुकर शिट्टी देत होता, म्हणजे घरात कोणी नाही असं सांगायचीही सोय नव्हती. पुन्हा थाप, आणि मग आवाज, "भाभी, एसी सर्विस." कमरेला पान्ह्यांची पिशवी होती. त्याने फिल्टर धुतले, मी त्याला चहा दिला, आणि तो गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले. एवढी मी कधीच कोणाला भ्याले नव्हते, आणि ज्याला भ्याले तो माझा एसी दुरुस्त करत होता.

या सगळ्यात नवऱ्याचं भलतंच चाललेलं. सोफ्यावरून उठला होता, ही एक बरी गोष्ट, पण उठून करत काय होता? मला संसार शिकवत होता. वीजबिल कुठून भरायचं, ते माझ्या फोनवर बसवून दिलं. भाड्याचे चेक कुठल्या फाइलमध्ये. गॅसवाल्याचा नंबर माझ्या फोनमध्ये घातला, आणि सिलिंडर लावताना वायसर बघून घ्यायचा हे दोनदा समजावलं. गाडीचा विमा कधी संपतो, टायर कुठे बदलायचे. माझ्या डोक्यात पोलीस नाचतायत आणि हा मला टायर सांगतोय. "मला हे कशाला?" मी एकदा कावून म्हटलं. "तुझ्या घरातलं तुला नको का माहीत," तो म्हणाला. मला वाटलं, बायको कमावणार म्हणून आता घरही तिच्याच गळ्यात घालतोय. मी तोंड फिरवून कणीक मळत राहिले.

शेवटी मीच म्हटलं, जे काय व्हायचं ते होऊ दे, त्या पार्किंगवाल्यांकडे जाऊ. त्यांचं ऑफिस दुबईत अल क्वोजला, गोदामांच्या रांगेत. शारजाहून निघालो तर ट्रॅफिक नेहमीसारखा तुंबलेला. नवरा गाडी चालवत होता आणि मी वाक्यं पाठ करत होते, हिंदीत आणि इंग्रजीत, की हा आमचा सण आहे, ही फुलं आहेत, मी पैसे भरलेत, ही बघा पावती. मध्येच त्याने विचारलं, "तुला हायवेवरून एकटीला शाळेपर्यंत न्यायला जमेल ना पोरीला? बस चुकली तर?" मी म्हटलं, "आत्ता हा प्रश्न आहे का?" त्याने लेन बदलली.

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. खुर्च्यांवर आमच्यासारखीच माणसं, सगळ्यांच्या हातात तसलीच पाकिटं. काउंटरच्या पलीकडे पांढऱ्या दाढीचा एक माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला. बोलण्यावरून हैदराबादी वाटला. आमची पाळी आली. मी पाकीट पुढे सरकवायला गेले, तर ते हातातून निसटून खाली पडलं. नवऱ्याने उचलून दिलं. त्या माणसाने चष्मा खाली ओढला, फोटो पाहिला, कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि मान वर न करता विचारलं, "गाडी कौन चला रहा था?"

मी तोंड उघडलं.

"मैं," नवरा म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. अगदी शांत उभा होता, हात काउंटरवर ठेवून, भाजीवाल्याला 'पिशवी आहे' म्हणावं तसं सांगून टाकलेलं. आणि मला सगळं एकदम कळलं. वीजबिल कळलं. गॅसवाला कळला, चेकची फाइल, टायर, हायवे, सगळं. 'गाडी माझ्या नावावर आहे,' हे तो पहिल्या दिवशी का म्हणाला तेही. हा माणूस त्या दिवसापासून मनात ठरवून बसला होता की केस झालीच तर ती त्याच्यावर होऊ दे. दाखला मला लागणार होता, त्याला नाही. मी आणि पोरगी राहू, तो जाईल.

त्या क्षणी मला जी भीती वाटली, तिच्यापुढे आधीची सगळी भीती काहीच नव्हती. पाठ केलेलं एक वाक्य आठवेना. "झूठ बोल रहे हैं ये," मी म्हटलं, बरंच मोठ्याने, कारण मागच्या खुर्च्यांवरची माणसं बघायला लागली. "गाडी मैं चला रही थी. माला भी मैंने डाली. ये तो घर में सो रहे थे."

"ती घाबरली आहे," नवरा मराठीतच म्हणाला, जसं त्या माणसाला कळणारच होतं.

"घाबरलेय तर घाबरलेय, पण मीच चालवत होते."

दाढीवाल्याने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "शादी थी?" त्याने फोटोवर बोट ठेवून विचारलं.

"नहीं. दशहरा था. हम लोग गाडी की पूजा करते हैं."

"पैसा भरा था?"

मी पावती दाखवली. त्याने ती वाचली, पुन्हा काहीतरी दाबलं. "देखो भाभी," तो म्हणाला, "कोई भी चलाया हो, हमको क्या करना है? हम पुलिस नहीं हैं. पार्किंगवाले हैं. पैसा भरा है, बात खतम. कैन्सल कर दिया. अगले साल फूल थोडा ऊपर डालना. खलास."

मला विश्वास बसेना. मी जाड अक्षरांवर बोट ठेवलं. "और ये जो लिखा है?"

"वो सबको लिखा रहता," तो म्हणाला. "नहीं तो कौन आता इधर?" आणि त्याने मागच्या माणसाला हात केला, यल्ला, पुढे या.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. समोर एक ट्रक मागे येत होता आणि त्याचा पोंगा वाजत होता. गाडीत बसलो, एसी लावला, पण नवऱ्याने गिअर टाकला नाही. मी म्हटलं, "काय ठरवलं होतंस तू?"

"काही नाही."

"खरं सांग."

तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "तुम्ही दोघी राहिला असतात. तिची दहावी झाली असती."

"आणि तू?"

"आईकडे. तिलाही बरं वाटलं असतं."

मी पर्सने त्याच्या दंडावर मारलं. एकदा नाही, चांगलं तीनचारदा. मग रडायला आलं ते थांबेना. मला विचारायचं सुचलं नाही तुला, मी म्हणत होते, मला विचारायचं तरी. राहायचं तर तिघं, नाहीतर तिघं गेलो असतो, नाशिकला काय माणसं राहत नाहीत का? त्याने सीटबेल्ट लावला. मग म्हणाला, "राहतात." आणि गाडी सुरू केली.

दाखला पुढच्याच आठवड्यात आला. त्यावर मी चांगल्या वर्तणुकीची आहे असं लिहिलेलं आहे. नर्सरीने व्हिसा लावला, मग ते दोघं माझ्या व्हिसावर आले, आणि सहा महिन्यांनी त्यालाही एक नोकरी मिळाली, आधीपेक्षा लहान. पोलिसांची ती भीती कधीच ओसरली. पण त्याने किती सहज 'मैं' म्हटलं, हे आठवलं की आजही मी हातातलं काम ठेवून तो घरात कुठे आहे ते बघून येते.

पुढच्या दसऱ्याला माळ त्यानेच ओवली आणि बॉनेटवर वरच्या वर बांधली. मग मागे जाऊन, पुढे येऊन, खाली वाकून नंबर पाहिला. मीही पाहिला. सासूबाई फोनवरून म्हणाल्या, "एवढीशीच का रे माळ?" तो म्हणाला, "आई, इथे झेंडू फार महाग."

वर आलो तर पुरण शिजता शिजता गॅस संपला. फोन तसाच ओट्यावर उभा होता, सासूबाई त्यात. मी हाक मारली, "अहो, गॅसवाल्याचा नंबर सांगा."

"अगं, एवढी वर्षं झाली तिकडे," सासूबाई म्हणाल्या, "आणि गॅसवाल्याचा नंबर नाही तुझ्याकडे?"

अल क्वोजहून घरी आल्या आल्या मी तो माझ्या फोनमधून काढून टाकला होता. "नाही, आई," मी म्हटलं. "तो ह्यांच्याकडेच असतो."